साडेतीन सेकंद

बफेलोत मार्च उजाडला तरी फुटपाथच्या कडेला
बर्फ काळं पडून बसलेलं असतं,
जुन्या देण्यासारखं.
गिरणीतून भाजक्या ओटचा वास येतो,
स्टीलचा कारखाना बंद पडल्यापासून
गावात भाजलं जातं ते एवढंच.

तळघरातल्या स्टुडिओत ओझेल गुडघ्याला पट्टा आवळून उभा.
खुर्ची दिली तर ढकलतो.
बसून रॅप करायचा नाही, हा त्याचा
एकोणनव्वद सालापासूनचा हट्ट.
तेव्हा सोळा ओळी एका दमात जायच्या,
आता नवव्या ओळीला दम लागतो
आणि माइकच्या जाळीवर
किटलीसारखी शिट्टी वाजते.
रेकॉर्डिंग करणारी पोरगी, इमानी, विचारते :
'श्वास काढून टाकू का, काका?'
'दात काढले, पित्ताशय काढलं,
एवढा एक राहू दे.'

मी व्हर्डेल. मी बोलत नाही, मी खरवडतो.
बुडाला लागलेलं लोक टाकून देतात,
चव तिथेच असते,
हे आईच्या पातेल्यात शिकलो
आणि तबकडीवर वापरलं.

चर्चच्या तळघरात जुन्या वस्तूंची विक्री होती,
पंचवीस सेंटना एक तबकडी,
कुठल्याशा गावातला, कुणी न ऐकलेला भजनी ताफा.
त्यात एक बाई, साडेतीन सेकंद :
*मी नाही जाणार*
मी तिथेच कापली.
कारखान्याला कुलूप लागलं त्या वर्षी
अख्खं मैदान मुठी वळून ओरडायचं :
मी नाही जाणार! मी नाही जाणार!
तेच मैदान पुढच्या दोन वर्षांत
सामान बांधून शार्लटला गेलं,
आमचा तिसरा गडी लुशियससुद्धा.
बस चालवतो तिकडे.
या अल्बमसाठी फोन केला, तर म्हणाला,
'शनिवारी शिफ्ट आहे.'

तेच साडेतीन सेकंद पुन्हा घ्यायचे होते.
या खेपेला वकील म्हणाला, आधी बाई शोधा.
सापडली. सत्याऐंशी वर्षांची अर्लीन टॉलिव्हर,
डोक्यावर जांभळी हॅट,
सोबत पुतण्या आणि हिशेबाची वही.

'पस्तीस वर्षं माझा आवाज भाड्याने दिलाय,
भाडं आलं नाही.
चेक आधी, बोलणं मग.'
ओझेलने चेक फाडला. तिने चष्मा लावून शून्यं मोजली,
घडी घातली, पर्समध्ये ठेवली.
मग माझ्याकडे वळली :
'तूच ना तो, सुरी घेऊन बसलेला?
माझं वाक्य अर्ध्यात का रे तोडलंस?'

मला वाटलं होतं, ते पुरं आहे.

ती माइकसमोर गेली. हॅट काढली नाही.
आवाज सोलल्यासारखा पातळ झालेला,
पण नेमका त्याच जागी लागला :
*मी नाही जाणार*
आणि माझा हात सवयीने उठला,
हवेतच, तबकडी नसताना,
कापायला.

*एकटी.*

मी नाही जाणार एकटी.
एवढंच होतं पुढे.
मैदानात हजार मुठी होत्या,
एकालाही हा शब्द पोचला नाही. माझ्यामुळे.

खोकला आला म्हणून तिने दोनदा पुन्हा म्हटलं,
मग पुतण्या पार्किंगचं मीटर संपेल म्हणाला.

रात्री इमानी नि मी तो शब्द बसवत होतो.
चारच्या ठेक्यात मावत नव्हता,
दीड मात्रा बाहेर लोंबत होती.
'कापू?' तिने विचारलं,
आणि लगेच माझ्याकडे बघणं टाळलं.
सोफ्यावर पाय वर करून पडलेला ओझेल म्हणाला,
'ठेका वाढव.'

वाढवला. आता तो लंगडतो,
दर फेरीला उजवा पाय जरा जपून टाकतो.
आणि नवव्या ओळीनंतर ओझेलचा श्वास
बरोबर त्या दीड मात्रेत पडतो.
आम्ही मोजलं नव्हतं.

पहाटे तो तुकडा लुशियसला पाठवला.
त्याची बस पाचला सुटते.
निळी खूण आली आहे,
म्हणजे ऐकला असेल.